कवीच्या रकान्यातलं नाव

नाही नाही, भिकनराव, तिथे नका जाऊ — तो रवीचा फोल्डर, माझ्या पोराचा, त्यात नुसती सिनेमातली गाणी. आपलं हे. हां, हेच. ‘केरू गायन पार्टी’. उघडा. दिसलं? खाली आकडा बघा — सतराशे बारा. सतराशे बारा गाणी, एकेक कॅसेट लावून भरलीत मी, तासाभराच्या कॅसेटला तासच लागतो, तिथे घाई चालत नाही. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच नाही का माझा डेक दोनदा उघडून दिलात, तेव्हा तुमचं टेप दुरुस्तीचं दुकान होतं बिटको चौकात. आता तुम्ही कॉम्प्युटरवाले झालात आणि मी पॉवर हाऊसमधून रिटायर झालो. म्हणून तुम्हाला बोलावलं. दुसऱ्या कुणाला बोलावलं नसतं — जरा तो दरवाजा लोटा. नाही, कडी नको. नुसता लोटा. रवीची आई विठा आत तांदूळ निवडतीय, तिला कशाला उगाच ताप.

तर सांगत काय होतो — पहिल्यांदा नुसता उकिरडा होता. ट्रॅक वन, ट्रॅक टू, परत ट्रॅक वन. कोणतं गाणं कुठलं, काही पत्ता नाही. मग तेजलनं शिकवलं, आमच्या सूनबाईनं — मास्तरीण आहे ती, जिल्हा परिषदेच्या शाळेत. बटणांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावून दिल्या, बघा ना, ‘क’ची तर झिजली पण. मग मी लावत बसलो. गावाप्रमाणे, वर्षाप्रमाणे. ओझर त्र्याण्णव. भगूर पंच्याण्णव. इगतपुरी, मनमाड, आमची एकलहऱ्याची कॉलनी. दर जयंतीला कुठे ना कुठे कार्यक्रम असायचा, केरू गायचा — पॉवर हाऊसात कोळशावर माझ्याबरोबरच होता तो, दिवसभर कोळशाची धूळ खाऊन संध्याकाळी असा आवाज लावायचा की माईकवाला लांबून पळत यायचा, आवाज कमी करा म्हणून — आणि मी पुढे टेपरेकॉर्डर घेऊन बसायचो. दोन वर्षं लावतोय हे सगळं. आता गाण्यावर राइट क्लिक करा, माहिती उघडा. बघा. गायक, गाव, साल, आणि खाली कवी. हे चार रकाने मी प्रत्येक गाण्याला भरलेत. सतराशे बारा वेळा.

आणि कुणीतरी ते बदलतंय.

हसू नका. व्हायरस म्हणाल तुम्ही, रवी पण तेच म्हणाला — ‘अण्णा, तुमच्याच हातून झालं असेल.’ माझ्या हातून? तीस वर्षं प्लँटमध्ये कोळशाची रीडिंग घेतली मी, एक आकडा कधी चुकला नाही. हे बघा, हे गाणं, ‘पाटी फुटली फुटू दे बाई, अक्षर जपून ठेव’ — अख्ख्या नाशिक रोडला पाठ आहे हे, आजही. इथे मी स्वतः भरलं होतं, कवी धोंडीराम. आता बघा काय आहे. वाचा. मोठ्यानं नको.

कलाबाइ.

अशी तेरा झाली. मी मोजलीत. पंधरा दिवसांत तेरा. सतराशे बारांतून नेमकी माझ्या नावाची तेरा — व्हायरसला बरं समजतं कोणती ते? आणि पुढच्या रविवारी जयंती समितीचा दिनेश येतोय, ही गाणी घेऊन जायला. सीडी काढतायत ते, जयंतीला, वर छापील कव्हर, नावं याच यादीतून उचलणार. त्याआधी मला याला कुलूप लावून पाहिजे. पासवर्ड का काय म्हणता ते. आणि कोण करतंय ते पाहिजे. दोन्ही.

कलाबाई कोण? — तुम्ही पाहिलंय तिला, डेक आणायला एकदा तीच आली होती. विठाची धाकटी बहीण. नवऱ्यानं टाकली, मग आमच्याकडेच असायची. द्राक्षाच्या बागेत छाटणीला जायची, पॅकिंगला जायची. दोन हजार एकला गेली, काविळीनं. आता असं आहे — ती गुणगुणायची. काम करताना बायका गुणगुणतात ना, तसं. तिला लिहिता येत नव्हतं. विठालाही नाही. मी वही घेऊन बसायचो, लिहून काढायचो, एखादा शब्द इकडचा तिकडे करायचो — म्हणजे गाणं कुणाचं म्हणायचं, तुम्हीच सांगा? वाऱ्यावर जाणारं होतं ते, मी कागदावर धरलं. कागद नसता तर केरू काय गाणार होता?

शब्द? शब्द तिचे. हो, म्हणजे — बरेचसे.

आणि मी काही मागायला गेलो नव्हतो. भगूरला, पंच्याण्णवला, निवेदकाच्या हातात माझा कागद होता, अक्षर माझं, त्यानं आपलं वाचलं — ‘या गीताचे कवी धोंडीराम!’ टाळ्या पडल्या. हार आला. आता भर स्टेजवर गळ्यात पडलेला हार काढून सांगायचं का, अहो मी नाही, ती बघा, तिसऱ्या रांगेत बसलीय ती माझी मेव्हणी? कलाबाई टाळ्या वाजवत होती, माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी. घरी येऊन म्हणाली पण, ‘दाजी, नाव कुणाचं का असंना, गाणं लोकांच्या तोंडी गेलं.’

असं म्हणाली ती. म्हणजे — तशा अर्थाचं. म्हणाली नाही खरं तर. मीच सांगतो लोकांना असं. ती काहीच म्हणाली नाही, भिकनराव. जेवण वाढलं, झाकपाक केली, झोपली. पुढे मी वही घेऊन बसलो की म्हणायची, ‘दाजी, आज डोकं दुखतंय.’ सहा वर्षं डोकं दुखलं तिचं. एक ओळ दिली नाही. मग मी स्वतः दोन लिहिली, लोक विचारायला लागले ना, नवीन काय म्हणून. केरूनं एकदा म्हटली. कोरसवाल्यांनी उचललीच नाहीत. केरूला ठाऊक होतं सगळं, पण भगूरनंतर शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही त्यानं. तोही गेला.

काय? कुठलं? — ओझरचं? ते छोटंच आहे. हो, कॅसेटवर मोठं होतं, सुरुवात कापली मी. निवेदन होतं केरूचं, खरखर फार होती. तो काय बोलायचा... ‘हे आमच्या कलाबाईनं बांधलेलं’ असं काहीतरी. खरखर होती म्हटलं ना! तुम्ही कुलपाचं बघा.

बरं, तारीख-वेळ दिसते म्हणता? कधी बदललं ते? दाखवा, दाखवा — हेच तर पाहिजे होतं मला. थांबा, चष्मा. सोमवार, तीन अठरा. मंगळवार, तीन बावीस. बुधवारी नाही. बुधवारी लाइट नव्हती, बरोबर — खिडकीतून पॉवर हाऊसच्या चिमण्या दिसतात आणि लाइट आम्हालाच नाही. गुरुवार, तीन बत्तीस. रोज तिनानंतर. रोज एकच गाणं. म्हणजे मी वाचनालयात गेलो की. अडीचला जातो मी, पाचला येतो. पाळत ठेवलीय माझ्यावर!

रवी नाही. रवी तेव्हा सातपूरला कंपनीत असतो, आणि त्याला मराठीत टाइप करायचा कंटाळा. दिनेश? त्याचा मला संशय होताच, समितीतली दोन-चार माणसं जळतात माझ्यावर, पण तो घरात कसा शिरणार? तेजल — खरं सांगू, पहिल्या दिवसापासून मी तेजलच धरून चाललो होतो. तिनं कॅसेटी ऐकल्यात माझ्या, कानाला हेडफोन लावून, मूळच्या, न कापलेल्या. एकदा जेवताना विचारलं तिनं, ‘अण्णा, कलामावशी लिहायच्या का हो?’ मी म्हटलं, भाजी वाढ. पण तेजल साडेपाचशिवाय येत नाही. आणि ती शुद्धलेखनाची पक्की, बाईमधली ‘ई’ ऱ्हस्व काढायची नाही ती. हे ज्यानं केलंय त्याला धड लिहिता येत नाही. काय म्हणता? मशीन दुपारी पावणेतीनला चालू होतं रोज? आणि नाव बदलतं सव्वातीन-साडेतीनला? म्हणजे चार अक्षरं काढायला अर्धा तास? अर्धा तास कोण घेतं हो चार अक्षरांना! माणूस एकेक बटण शोधत बसला तरी —

घरात कोण असतं? कुणी नाही. विठा असते. नाही हो, ती कशाला. ती याला पुसतेसुद्धा नाही, शॉक बसेल म्हणते. तिला अक्षर येत नाही. तेजल तिला पाटीवर काहीतरी गिरवायला देते आपली, बँकेत अंगठा नको, सही यावी म्हणून. वर्ष झालं त्याला. संध्याकाळी बसतात दोघी आत, हळूहळू बोलत. मला वाटायचं...

थांबा जरा.

विठा! — इकडे ये. ये ना, भिकनरावच आहेत, परके नाहीत. हे... हे बघ. हे नाव. नाही, रागावलो नाही मी. मी काय विचारतोय — हे तू?

मान काय हलवतेस, बोल की.

तिची अजून किती राहिलीत?

...एकवीस.

भिकनराव, उठा तुम्ही. नको, पासवर्ड राहू द्या. सांगितलं ना, नको. चहा? चहा परत कधी. आणि हे बघा, बाहेर कुणी विचारलं, दिनेशनं विचारलं, तर व्हायरस होता म्हणा. एवढं करा माझ्यासाठी. नाही, मशीन बंद नका करू. असू द्या तसंच. खुर्ची सोडा. निघा आता.