पिकअपमधलं पंचामृत

कौतिकआबा : ...ते स्क्रू मग मोजा, लोटनभाऊ. आधी जरा माझ्याकडे सरका. हात चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या. परवा आमच्या झुलालची गंधमुक्ती, उत्तरकार्याचा दिवस. त्या कीर्तनात जे आख्यान लावणार, ते पहिल्यांदा तुम्हालाच ऐकवतो.

लोटन : ऐकतो आबा. फक्त टेबलाला टेकू नका. ह्या गिटारच्या पोटात केसाहून बारीक तार शे. धक्का लागला की गेली.

कौतिकआबा : बरं. तर धरणगावचा झुलाल. माझ्यामागे पेटी वाजवायचा. ब्याऐंशी साली जिनिंग मिलमध्ये कापूस लोटताना डाव्या हाताची दोन बोटं गेली, पेटी सुटली. दुसरा घरी बसला असता. यानं तुमच्या धुळ्यातल्या एका मोडलेल्या बँड पार्टीची ही लाल गिटार आणली. मांडीवर आडवी ठेवायची, उरलेल्या बोटांत लोखंडी नळी धरायची आणि तारांवरून सरकवायची. मी "पांडुरंगा" म्हटलं की गिटार मागून "पांडुरंगा" म्हणायची. बायाबापड्या विचारायच्या, आबा, तुमच्या मागे तो गातो कोण?

लोटन : निघाली बघा पांढरी पट्टी. हिला पिकगार्ड म्हणतात. हे दोन पिकअप हिच्यातच बसवलेले असतात. गिटारचे कानच म्हणा. तारेची थरथर हे ऐकतात आणि ॲम्प्लिफायरला सांगतात. हां, पुढे?

कौतिकआबा : पुढे माघातला जामनेरचा सप्ताह. मांडव गच्च. मी अभंगाचं चरण सोडलं आणि मागून काही नाही. वळून बघतो तर हा नळी सरकवतोय आणि गिटार मुकी. मी माइकवरच म्हटलं, "झुलाल, वाद्याची सेवा नाही केली की वाद्य असं रुसतं. ठेव ते लाकूड, झांज घे." मांडव हसला. यानं गिटार ठेवली ती ठेवलीच. सहा महिने झांज वाजवली. मग तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत गेला.

लोटन : आणि आख्यानाचा शेवट?

कौतिकआबा : शेवट क्षमेचा. मी गिटार दुरुस्त करून घेतली, नथ्थू बँडवाला ती वाजवतोय, आणि मी भर कीर्तनात म्हणतो, झुलाल, तुझी हेळसांड माफ केली रे बाबा.

लोटन : हं.

कौतिकआबा : हं काय? गोड नाही वाटला?

लोटन : लई गोड शे. आबा, हा जुना पिकअप जरा नाकाशी धरा.

कौतिकआबा : ...खवट वास येतोय. जुन्या निरांजनासारखा.

लोटन : आणि फटीत हे पिवळं?

कौतिकआबा : हळद दिसते.

लोटन : आत हिरवं दिसतं ना, ती तांब्याची तार. गंजून तुटलीय. आबा, खंडेनवमीला तुमच्याकडे वाद्यांची पूजा कोण करतं?

कौतिकआबा : मीच. वीणा, मृदंग, टाळ. हळदकुंकू, फूल.

लोटन : गिटारलाही तेवढंच?

कौतिकआबा : नाही. ती वरातीत दारुड्यांपुढे वाजलेली. म्हणून तिला पंचामृतानं शुद्ध करायचो. दर साल, पळीभर.

लोटन : पळी ओतायचात कुठे?

कौतिकआबा : मधोमध. त्या सहा चकचकीत टिकल्या आहेत ना, मला वाटलं तेच तिचं मुख.

लोटन : त्याच ह्या टिकल्या. लोहचुंबकाच्या. बठ्ठं दही, दूध, मध, सगळंच इथून आत उतरलं. एक पिकअप आधीच गेला असेल, दुसऱ्यावर झुलालभाऊ कसंबसं ओढत होता. जामनेरला तोही गेला.

कौतिकआबा : मृदंगाच्या शाईला मी पाण्याचा थेंब लागू देत नाही, लोटनभाऊ. चाळीस वर्षं.

लोटन : हो ना.

कौतिकआबा : त्याला माहीत होतं?

लोटन : होळीच्या आधी आला होता. मी उघडून दाखवलं. म्हटलं, आबांना सांग. तर म्हणे, "आबाले सांगू नको. त्यास्ना हातनं तीर्थ शे ते."

कौतिकआबा : असाच होता तो. देवमाणूस.

लोटन : थांबा. पुरतं ऐका. चिडलेलाही होता. इथं टेबलावर मूठ आपटली त्यानं, माझा चहा सांडला. म्हणाला, "लोटन, नवे पिकअप मागवून ठेव. आबा एकदा इचारतील, झुलाल, काय बिघडनं रे? त्या दिवशी बसवू." पार्सल चैत्रातच आलं. खणात पडून होतं. दर बाजाराला येऊन बघून जायचा. विचारलंत का त्याला?

कौतिकआबा : नाही.

लोटन : एकदाही?

कौतिकआबा : झांज बरी वाजवतोस, म्हटलं होतं एकदा.

(लोटन कानस उचलून पट्टी घासू लागतो.)

कौतिकआबा : काय घासताय?

लोटन : पट्टीचं भोक. नवे पिकअप थोडे रुंद आहेत. आबा, रडायचं तर रडा. इथं कोणी नही.

कौतिकआबा : येत नाही. दहा दिवस झाले. जेवतो, पण भाकरी आहे की माती, कळत नाही. झुलालच्या बायकोनं, मंजुळाबाईनं, त्याच्या पायांवर डोकं ठेवलं, तेव्हाही मी नुसता बघत उभा. किती वाढवायचं भोक?

लोटन : अर्धा सूत. झालं. आता स्क्रू, खाली स्प्रिंग. जास्त सैल सोडलं की पिकअप तारांपासून लांब जातो. हे दोन सोल्डर राहिले.

कौतिकआबा : धूर येतोय.

लोटन : राळेचा. तोंड बाजूला करा. आता ॲम्प्लिफायर लावून टिकलीवर स्क्रूड्रायव्हर टेकवतो. टक... ऐकू आली?

कौतिकआबा : आली.

लोटन : दुसरा... हाही बोलला. तार छेडू?

कौतिकआबा : छेडा.

लोटन : चांगली घुमतेय, आबा.

कौतिकआबा : ऐकू येतंय मला. ऐकूच येतंय नुसतं, आत काही पोचत नाही.

लोटन : मग परवा आख्यान हेच लावायचं? क्षमेचं?

कौतिकआबा : क्षमा मागायचं लावीन. पंचामृत मी ओतलं. भर मांडवात लाकूड मी म्हटलं. विचारलं नाही, तेही मीच.

लोटन : लोक गप्प होतील.

कौतिकआबा : होऊ द्या. पण लोटनभाऊ, मी कीर्तनकार. जिभेला वळण पडलंय. दोन-चार सप्ताहांत माझ्या तोंडी झुलाल संत होऊन जाईल. राग गाळून टाकीन मी त्याचा. मला कळणारही नाही. तुम्ही मात्र मूठ आपटणारा झुलाल ध्यानात ठेवा. तुमच्यापाशी तरी तो माणूस तसाच असू द्या.