लक्षद्वीपला निघालेले चार जोड

...नाही, मी म्हणतो, सरकार भाडं देतंय तर माणसाने खुशाल लक्षद्वीपला जावं, बोटीत बसावं, बेटं बघावी, पण त्यासाठी शेजाऱ्याचा जीव का खावा? तुम्हाला सांगतो, मुलुंडला आमच्या भिंतीला भिंत लागून हा विद्याधर राहतो. सरकारी नोकरी, वय अठ्ठेचाळीस, पायाचं माप आठ. आता शेजाऱ्याच्या पायाचं माप मला पाठ आहे, म्हणजे माझं काय झालं असेल बघा! सत्त्याऐंशी सालची गोष्ट. हा आणि नीलावहिनी एलटीसीवर निघाले. कोचीनहून बोट, रोज सकाळी एक नवीन बेट, दिवसभर तिथे हिंडायचं आणि संध्याकाळी परत बोटीवर. तिकिटं आली, रजा मंजूर झाली, लाडवांचे डबे भरले... सगळं ठरलं, पायाचं ठरेना!

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, घाला काहीतरी पायात आणि निघा. तसं नाही हो! लग्नानंतर हे दोघं माथेरानला गेले होते. सासरहून आलेले नवे कोरे बूट विद्याधरच्या पायात, आणि माथेरानला चालण्याशिवाय गत्यंतर नाही. पहिल्याच पॉइंटच्या वाटेवर बूट असे चावले, असे चावले की हा गडी चार दिवस लॉजवर बादलीत पाय बुडवून बसला आणि नव्या नवरीने सगळे पॉइंट घाटकोपरच्या एका कुटुंबाबरोबर पाहिले! फोटोत वहिनी आहेत, घाटकोपरची आजी आहे, नातवंडं आहेत, नवरा नाही. वीस वर्षांत वहिनी त्यावरून एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच विद्याधरला जास्त लागायचं. त्याने मला गॅलरीत सांगितलं होतं, या वेळी प्रत्येक बेटावर तिच्या बरोबरीने चालणार. डोळ्यांत पाणी होतं हो त्याच्या! मलाही भरून आलं, आणि तिथेच मी फसलो.

कारण दुसऱ्या दिवसापासून चाचण्या सुरू! माहितीपत्रकात लिहिलेलं, रबरी तळव्याचे बूट आणावेत. म्हणून पांढरे कॅनव्हास आणले. मग ते पाण्यात भिजले तर वाळायला किती वेळ लागतो, म्हणून वहिनींच्या परातीत पाणी भरून हा बूट घालून उभा, आणि मी समोर घड्याळ घेऊन! पोळ्यांच्या परातीत, तुम्हाला सांगतो! वहिनींनी ती परात कामवालीला देऊन टाकली. बेटांवर प्रवाळ टोचतात असं कुणीतरी सांगितलं, तर शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर खडी आणून गॅलरीत पसरली आणि सकाळ-संध्याकाळ तिच्यावरून फेऱ्या. करकर, करकर, करकर... मला झोपेतसुद्धा खडी ऐकू यायची.

तळमजल्यावरचे अण्णा, ते आयुष्यात एकदा रेवसला लाँचने गेलेले, त्यांचा सल्ला काय, तर बोटीवर कप्तान जेवायला बोलावतो, तेव्हा काळे लेदरचेच हवेत. झालं, ऑफिसचे काळे बूट आले. वहिनींची बहीण कुंदा बोरीवलीहून मुद्दाम सांगायला आली की वाळूत कोल्हापुरीसारखं काही नाही. कोल्हापुरी आली, तिला एरंडेल पाजलं, आमचा जिना आठवडाभर दवाखान्यासारखा घमघमत होता. आणि पावसाळी सँडल असू दे आपली, म्हणून तीही. झाले चार जोड! त्यात वहिनींचा दंडक, लाडवांच्या बॅगेत पायताणं जाणार नाहीत. मग पायताणांची वेगळी किटबॅग, आणि निघायच्या दिवशी रिक्षात बसतानाही हा माझा हात धरून विचारतोय, "पहिल्या बेटावर कॅनव्हास ना रे?" सगळं ठरलं, पायाचं ठरेना!

बोटीवर संध्याकाळी केबिन मिळाली. आता सकाळी गडबड नको म्हणून विद्याधरने चारही जोड बाहेर काढले, आणि कुठे ठेवले असतील? दाराबाहेर! अहो, मुलुंडचा माणूस, खोलीत चप्पल नेईल का? केबिनच्या दाराबाहेर भिंतीला लावून, ओळीने, टोकं बाहेर. वर नीलावहिनींची एकुलती एक चप्पलही काढून शेजारी ठेवली. शिस्त!

सकाळी दार उघडलं. पॅसेज स्वच्छ. एक चप्पल नाही! हा धावत सुटला, तर एक खलाशी शांतपणे म्हणतो, "साब, पॅसेज में कुछ रखने का नहीं. सब स्टोर में डाला." मग उघड ना बाबा स्टोर! तर किल्ली मोठ्या साहेबांकडे, आणि साहेब पहिल्या होडीने बेटावर गेलेले, संध्याकाळी येतील. खाली शेवटची होडी लागलेली, लोक उतरतायत, समोर कवरत्तीचं हिरवंनिळं पाणी, इतकं हिरवंनिळं की काय सांगू... आणि हा अनवाणी. घामाघूम झाला. पुन्हा तेच! पुन्हा ही एकटी जाणार, पुन्हा आपण बादली घेऊन बसणार! त्याने मान खाली घालून वहिनींना सांगितलं की तू जा, कुणाची तरी सोबत बघ.

वहिनींनी निऱ्या जरा वर खोचल्या आणि म्हणाल्या, "मी काही तुमच्या बुटांबरोबर आलेले नाही. चला."

आणि उतरल्या की हो शिडीवरून! अनवाणी! मागोमाग हाही. दिवसभर दोघं त्या पांढऱ्या वाळूत फिरली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली, शहाळी प्यायली. वाळू दुपारी तापली तेव्हा एकमेकांचा हात धरून माडांच्या सावलीपर्यंत पळाली, या वयात! आता फोटोत दोघं आहेत, आणि चार पाय. विद्याधर म्हणतो, इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. वहिनी म्हणतात, ते खरं आहे.

संध्याकाळी साहेब आले, किल्ली आली, स्टोर उघडलं. विद्याधर हात पुढे करणार, तेवढ्यात वहिनींनी साहेबांना सांगितलं की असू द्या तिथेच, कोचीनला घेऊ. पुढची दोन्ही बेटं तशीच झाली.

तर असं! महिनाभर माझी झोप गेली, परात गेली, जिना नासला... आणि ते चारही जोड, तुम्हाला सांगतो, लक्षद्वीपला जाऊन आले, पण एकानेही बेट पाहिलं नाही.