पायलटच्या काचेवर कुंकू

आमच्या खराडीच्या ऑफिसात दसऱ्याला लॅपटॉपला कुंकू लावतात ना, तसं आईनं घरी माझ्या विमानाला लावलं. नॅट या लढाऊ विमानाचं मॉडेल, मी नुकतंच जोडलेलं, आणि बोट नेमकं पायलटच्या काचेवर! संध्याकाळी शेजारचे काका सोनं द्यायला आले. एअर फोर्समध्ये त्यांनी नॅटच उडवलेलं. मॉडेल उचललं आणि त्यांची नजर काचेवरच्या लाल डागावर खिळली.

“आत कोण होतं?”

“काका, प्लॅस्टिकचं आहे हो.”

“आत कोण होतं, विचारतोय!”

आई म्हणाली, “अहो, कुंकू आहे ते.”

काकांनी रुमालानं काच पुसली, आत डोकावून पाहिलं. “रिकामं आहे. म्हणजे उडी मारली त्यानं. वाचला.”

किटमधला पायलट अजून डबीतच आहे. त्याला आत बसवायची माझी छाती होत नाही.