चेअरमनची सिएरा

हॅलो?… हां, यशोधरा बनसोडेच बोलते, युनिफॉर्मवाल्या… कोण? गौतमी? अगं मग नमस्कार मॅडम काय म्हणतीस, मला वाटलं कुठल्या शाळेतनं फोन हाय… थांब जरा. ए पोरींनो, मशिनी बंद करा गं. कराडहनं माझ्या बहिणीचा फोन हाय… हां, बोल आता.

…घेतली की. सिएरा गाडीच घेतली… व्हय, चेअरमनचीच. नाथाजीराव चेअरमनची. पांढरी, काळ्या काचांची, तीच… अगं सेकंडहँड म्हणजे कुणाची तरी असणारच की. माझ्यासाठी काय कुणी न चालवलेली सेकंडहँड ठेवली होती?

…न्हाई, मुद्दाम हुडकून तेंचीच न्हाई घेतली. अगं ऐक ना… ऐक तर. मला मोठी गाडीच पायजे होती. साताऱ्यापासनं तासगावपर्यंत शाळा हाईत माझ्या. मेटॅडोरमधनं उतरले की शिपाई म्हणतो, माल मागच्या दारानं आणा. मालकीणबाई मीच हाय म्हणून सांगावं लागतंय दर वेळी… हौस? व्हय, हौसच म्हण. हौस काय एकट्या चेअरमनलाच असती?

…जीप कशाला घेऊ? जीप घ्या, जीप घ्या, सगळ्यांनी हेच. जीपमध्ये धूळ खायची आणि शाळेच्या मीटिंगला भूत होऊन जायचं. मला एसी पायजे होता, बटणावर खाली होणाऱ्या काचा पायजे होत्या. मिळाल्या.

…डीलर काय एक बघितला व्हय. साताऱ्याचा तो, त्यानं माझ्याकडं बघितलंच न्हाई. सगळं आमच्या ह्यांच्याकडं बघून. साहेब, ॲव्हरेज असं, साहेब, पिकअप तसं. आणि हे शाळामास्तर, तेंना सायकलची चेन बसवायला माणूस लागतो. हे आपले मान डोलावतायत. मी म्हणले, चालवून बघू का, तर म्हणतो, वहिनी, तुमी सीटवर बसून बघा, सीट लय मऊ हाय… मी म्हणले मऊ गादी घरी हाय माझ्या. उठा हो, चला.

…तुमच्या कराडचा? त्यानं आधी आडनाव विचारलं. बनसोडे म्हणल्यावर गाडी एकदम विकली गेली. आत्ता सकाळीच गेली म्हणाला. गाडी तिथंच उभी, काचेवर विकणे हायची पाटी.

…हसू नको. मला तवा लय लागलं होतं.

…मग सांगलीला गेले. मिरज रोडला बिराप्पा म्हणून हाय. सीमेकडचा माणूस, बोलताना निम्मं कानडी. त्यानं काय केलं म्हाईत हाय का? काय विचारलंच न्हाई. आधी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, आक्का, चालवून या, मग बोलू… एकटीला, व्हय. मी विश्रामबागपर्यंत जाऊन आले. परत आले तर ह्यांच्यासाठी भजी मागवून बसलाय. मग एकेक दोष सांगायला लागला. क्लच जड हाय, एसीला गॅस कमी पडतोय, मागचे टायर बदलावे लागतील. आणि शेवटी म्हणाला, आक्का, सगळ्यात मोठा दोष राहिलाच. ही तुमच्याच गावच्या चेअरमनची गाडी हाय. तुमाला चालंल का?

…मी? मी म्हणले, बिराप्पा, तुमी क्लचचं बघा, चेअरमनचं मी बघते.

…त्यो हसला, पण पुढं काय होणार त्याचा अंदाज होता बघ त्याला. स्वतः आरटीओत जाऊन उभा राहिला, माझं नाव चढवून घेतलं, तोवर किल्ली दिली न्हाई. म्हणाला, नाव चढल्याबिगर ही गाडी गावात न्यायची न्हाई आक्का. आणि घेऊन यायच्या दिवशी आष्ट्यापर्यंत शेजारी बसून आला. गिअर कुठं टाकायचा, उसाच्या ट्रॉलीला कुठनं ओव्हरटेक करायचं, सगळं सांगत. आष्ट्याला उतरला, म्हणाला, आता तुमी एकट्या जा, गावात माझ्यासंगं गेलासा तर म्हणतील बाईनं ड्रायव्हर ठेवलाय. आणि एसटीनं परत गेला… अगं मग सांगते काय. असा डीलर मिळायला नशीब लागतंय.

…थांब, थांब. हॉर्न? कुणी सांगितलं तुला मी हॉर्न वाजवला? एकदाबी वाजवला न्हाई… झालं काय ते मी सांगते. ऐक. मधीच बोलू नको.

तुला आमच्या गावची रीत म्हाईत हाय. ती गाडी आली की चावडीच्या कट्ट्यावरची माणसं उठत्यात. आत चेअरमन हाईत का नुसता ड्रायव्हर, काळ्या काचांतनं दिसतंय कुणाला? आपलं उठायचं, रामराम घालायचा, धूळ खाली बसली की बसायचं. तर परवा मी आले. सगळी उठली… सगळी. कोंडीबा आण्णा पटका सावरत, काठी टेकत उठला. मला काय कळंना. मागनं कोण आलं म्हणून आरशात बघितलं, तर मागं कुणीच न्हाई. तेवढ्यात शेळ्या आडव्या आल्या, म्हणून मी बटण दाबलं, काच खाली केली. शेळ्या हाकलायला गं. आणि मी दिसले.

…काय करत्यात? निम्मे बसले, निम्म्यांना बसावं का उभं राहावं कळंना. कोंडीबा आण्णाचा हात कपाळाला तसाच. मग मी म्हणले, जय भीम आण्णा… का? कुणी नमस्कार केला तर उत्तर द्यायचं न्हाई व्हय? आण्णा हसला माहितीय. तोंडात एक दात न्हाई, पण हसला.

…अपमान? कुणाचा? मी कुणाला उठा म्हणले न्हाई. तेंनी गाडीला रामराम घातला, गाडी तीच हाय. आत माणूस कोण हाय ते बघून रामराम घालायची सवय कुणी लावली न्हाई तेंना, त्याला मी काय करू?

…आत्याबाई? आमच्या सासूबाई उतरायलाच तयार न्हाईत. मागं दार न्हाई त्या गाडीला, पुढची सीट वाकवून चढावं लागतंय. दोघींनी ढकलून चढवल्या. चढल्या आणि मागच्या मोठ्या काचेला टेकून बसल्या. भाकरीबी तिथंच मागितली… अगं ह्याच गाडीनं बाजारातनं येताना तेंच्या लुगड्यावर चिखल उडवला होता. डोक्यावर पाटी होती, पुसताबी आला न्हाई. तवा कुणी फोन केला न्हाई मला, अपमान झाला म्हणून.

आणि हे रोज कॅनॉलच्या वाटेनं शाळेला जातात सायकलनं, आज चावडीवरनं गेले. मला न सांगता. मी दारातनं बघितलं.

…काय म्हणालीस? साहेबांचं म्हणणं… कुठले साहेब?… नाथाजीराव साहेब?

गौतमे. परवापर्यंत तू तेंना नाथ्या म्हणत होतीस. आणि मघापासनं मला आक्का म्हणाली न्हाईस, मॅडम मॅडम चाललंय तुझं… शेजारी कोण बसलंय? बोलू नको. पोरगी शाळेला गेली का तेवढं सांग. गेली म्हणालीस तर कोण तरी बसलंय असं मी समजते… गेली. बरं. चेअरमन?… डब्बा घेऊन गेली. म्हणजे चेअरमनच.

चहा दिलास?… घेतला न्हाई. पुढ्यात तसाच हाय. बरं. तुझ्या सोफ्यावर बसायला चालतंय, चहा चालत न्हाई.

मग आता खरं सांग. काय म्हणतोय?… कपिलराव? तुझ्या नवऱ्याचं काय मधी?… चेअरमनच्याच डेअरीत हाईत ना, मग?… जतला? बदली?… अगं दुधाचं फॅट तपासणाऱ्या माणसाला जतला कशाला पाठवतोय, तिथं हाय काय?… गाडी परत गेली तर बदली न्हाई. आत्ता म्हणाला? तुझ्यासमोर बसून?

…

दे तेंना फोन… घाबरू नको गं, दे.

जय भीम चेअरमन… हां, नमस्कार म्हणा, तेबी चालतंय… बोला की… व्हय… व्हय… कोण तयार हाय? बिराप्पा? गाडी परत घ्यायला? असं कवा म्हणाला?… काल. बरं.

आवं चेअरमन, बिराप्पाचा मला आज सकाळीच फोन आला होता. म्हणाला, आक्का, चेअरमन येऊन गेले. पुढं घरातली प्रत्येक गाडी तुझ्याकडनंच घेतो म्हणाले, एवढी एक परत मिळव. मी तेंना म्हणलं, साहेब, ती आता माझी न्हाई, तुमचीबी न्हाई, ज्यांची हाय तेंना विचारा… खोटं बोलतोय? त्याला खोटंच बोलायचं असतं तर क्लच चांगला हाय म्हणाला असता.

आणि तेंना विचारा म्हणाला तर तुमी कराडला गेलासा. आवं मी हितं इस्लामपुरात बसते. तुमाला वाटंवर हाय. माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी, तिचा नवरा कामावर असताना, कशाला?

…समजुतीनं? बोला की समजुतीनं, ऐकते मी… रंग बदलू? कुठला रंग?… न्हाई. पांढराच शोभतोय… काळ्या काचा काढू? न्हाई, उन्हाळा हाय.

…कुठनं नेऊ? कॅनॉलच्या वाटेनं?

चेअरमन, आजवर आमी तिकडनंच गेलो. लग्नाची वरात तिकडनं, मयत तिकडनं. माझी डोली… आवं, मी नवरी होऊन आले ती बैलगाडी तिकडच्या चिखलात रुतली होती, सगळं वऱ्हाड ढकलत होतं. मी आत बसून रडत होते. गाडीबी तिकडनंच न्यायची म्हणता? न्हाई न्यायची. चावडीपुढनंच नेणार. रोज नेणार. सकाळी जाताना आणि सांजला येताना.

…लोकं उठत्यात त्याला मी काय करू? तेंना सांगा की, उठू नका म्हणून. तुमची माणसं हाईत, तुमचं ऐकत्यात… तुमाला सांगायला लाज वाटती? मग मला कशाला सांगता?

…भीती? हाय की. कशाला खोटं बोलू. परवापासनं झोप न्हाई मला. गोठ्याकडं खुट्ट वाजलं की उठून गाडी बघून येते. पण भीती वाटती म्हणून किल्ली द्यायची असती तर आमच्या लोकांनी कायच घेतलं नसतं आजवर. पाटी-पेन्सिलबी घेतली नसती.

…तेवढं बोलू नका. कपिलरावांचं बोलू नका मधी… व्हय, कळलं. जतला. लांब हाय ते म्हाईत हाय मला. द्या, गौतमीकडं द्या फोन… हां, गाडीचंच बोलते तिच्याशी. द्या.

गौतमे?

…ऐक. मी लय बोलले. मला बोलायला काय जातंय, मी हितं माझ्या मशिनीपाशी बसलीय. जतला जायला लागंल ते तुमाला. पोरीची शाळा सुटंल, तुझं घर सुटंल… न्हाई, ऐक ना. किल्ली माझ्या हातात हाय, हे बघ, वाजवते. तू दे म्हण, आत्ता उठते, सांगलीला नेते आणि बिराप्पाच्या दारात लावून एसटीनं परत येते. आईशप्पथ, राग धरणार न्हाई. जन्मात एकदाबी काढून दाखवणार न्हाई तुला.

…कपिलरावांना न विचारता कसं सांगू? बरोबर हाय तुझं. पण ते तर म्हणतायत आत्ता सांगा. समोर बसून राहिलेत न्हवं? मग तूच सांग. आजवर तुझं सगळं मी ठरीवलं. कुठली शाळा, कुठला नवरा, लग्नात कुठली साडी. ह्यावेळी मी न्हाई ठरीवणार.

…घाई न्हाई. घे वेळ.

…

…रडतीस?… बरं. रड.

…

…काय म्हणालीस? ऐकू आलं न्हाई, परत म्हण…

…देऊ नको.

…नक्की?… जत तर जत. हां… हां गं माझी बाई.

न्हाई, आलं ऐकू. मला आलं. पण आता तेच जरा मोठ्यानं म्हण… माझ्यासाठी न्हाई गं. शेजारी बसलेत ना, तेंच्यासाठी. तेंच्याकडं बघून म्हण… लाजू नको. अजून मोठ्यानं… आक्का, गाडी देऊ नको, असं सगळं म्हण, निम्मं गिळू नको…

…हां.

हां, आता गेलं तेंच्या कानावर. हितं माझ्या पोरींनाबी ऐकू आलं.

…ठेव फोन. मी निघालेच कराडला… व्हय, तीच घेऊन येते.