शिवांजलीनं सांगितलं होतं

हणमंत : वकील विनया मॅडमना तू फोन करतेस की मी करू?

देवयानी : काय सांगणार त्यांना, पप्पा?

हणमंत : की माझी मुलगी प्रतिज्ञापत्रावर सही करणार नाही. सरकारी वकिलांचा निरोप स्पष्ट आहे. तू शिवांजलीच्या जेलमधल्या मृत्यूच्या केसमधून बाजूला झालीस, तर मोर्चाच्या केसमधून तुझं नाव काढायला ते विरोध करणार नाहीत. मग परीक्षा दे, इंटरव्ह्यू दे, कोणी काही विचारणार नाही.

देवयानी : आणि मी सही केली तर?

हणमंत : तर वर्षानुवर्षं तारखा. दंगल, पोलिसांवर हल्ला, काय काय लावलंय तुझ्यावर. पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये कोण पास करेल? यंदा शेवटचा अटेम्प्ट आहे, देवू.

देवयानी : पेपर फुटला म्हणून रस्त्यावर बसलो होतो फक्त. बसून गाणी म्हणत होतो यार.

हणमंत : ते मला नको पटवूस. मला माहीत आहे. पण तुझी आई दाराची बेल वाजली की हातातलं टाकून उभी राहते. पोलीस क्वार्टर्समधल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्यात. आयुष्यभर वर्दी घातली मी. सरकारच्या विरोधात उभं राहून कोणाचं भलं झालेलं पाहिलं नाही.

देवयानी : शिवांजलीच्या आई, भीमाबाई, वर लॉजच्या खोलीत तयार होतायत. हिंगोलीहून आल्यात त्या आजच्या तारखेसाठी. जेलवाल्यांनी कोर्टात लिहून दिलंय की शिवांजलीनं स्वतःला डायबिटीस असल्याचं कोणाला सांगितलंच नाही. पप्पा, ती सांगत होती तेव्हा मी तिच्या मागे रांगेत उभी होते.

हणमंत : तू एकटी थोडीच होतीस? सगळी बराक होती.

देवयानी : रांगेत माझ्यासोबत होती त्या भक्तीनं नंबर बदललाय. बाकीच्यांना घरच्यांनी गावी नेलंय. उरले मी.

हणमंत : मग मीही नेतो.

देवयानी : जामीन झाल्यापासून तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, आत काय झालं ते.

हणमंत : हिंमत झाली नाही.

देवयानी : आता ऐका. गेटवर झडती घेतली तेव्हा तिच्या बॅगेत इन्सुलिन होतं. तिनं हात जोडून सांगितलं, मॅडम, हे मला रोज लागतं, नाही मिळालं तर मी मरेन. ती बाई म्हणाली, सुई आत जात नाही, डॉक्टर देईल. डॉक्टर आला, तिला पोटदुखीची गोळी देऊन गेला. त्या बराकीत झोपायलाही जागा नव्हती, पप्पा. आम्ही पाळीपाळीनं आडव्या व्हायचो, आणि पाणी दिवसातून दोनदा यायचं. तिची तहान काही केल्या भागेना. आम्ही आमच्या बाटल्या तिला दिल्या. मग उलट्या सुरू झाल्या. धावून आल्यासारखा श्वास घ्यायला लागली. आम्ही ताटं बडवली, ओरडलो. बाहेरून उत्तर आलं, लीडरगिरी बंद करो. मग घोंगडीत घालून नेलं तिला. हॉस्पिटलमध्ये पोचली तेव्हा शुद्धीत नव्हती.

हणमंत : तू मला भेटायला आली नाहीस. मी मुलाकातीला बाहेर उभा होतो.

देवयानी : त्याच दिवशी नेलं होतं तिला. तुमच्यासमोर येऊन मी काय बोलले असते?

(भीमाबाई खाली लॉजच्या कँटीनमध्ये येतात. हणमंत उठून त्यांना खुर्ची देतो.)

भीमाबाई : बसा भाऊ, माझ्यासाठी उठू नका. तुमीच हिचे वडील ना? बरं झालं आलात. लेकराला घरी घेऊन जा.

हणमंत : ताई, मी तेच...

भीमाबाई : वकीलबाईंनी सांगितलं मला, निरोप आलाय म्हणून. मी आज कोर्टात सांगते, मला काही नको. माझी तर गेली. हिच्या आयुष्याची माती करून ती परत येणार हाय का?

देवयानी : मावशी, असं नका करू.

भीमाबाई : ऐक. मला फक्त एक इचारायचं होतं, म्हणून थांबले इतके दिवस. दवाखान्यात मला तिचं तोंड दाखवलं, पण बोलणं बंद झालं होतं. आत असताना ती काही बोलली का? माझं नाव काढलं का?

देवयानी : हो.

भीमाबाई : काय म्हनली?

देवयानी : शेवटी शेवटी ती मलाच तुम्ही समजत होती. माझा हात धरून म्हणाली, आई, लाइट आलीय, मोटर चालू कर, कापूस वाळतोय.

भीमाबाई : आमच्याकडं लाइट रातच्याला येती. तीच जायची बॅटरी घेऊन. मला उठवायची नाही. झोप म्हणायची, दिवसभर राबलीस. अन् तू काय म्हनलीस तिला?

देवयानी : मी म्हटलं, चालू केली. पाणी पोचलं शेवटच्या सरीपर्यंत, झोप तू. मतलब, मला शेतातलं काही कळत नाही मावशी. जे सुचलं ते बोलले.

भीमाबाई : बरं केलंस, बाई. बरं केलंस.

हणमंत : ताई, पाणी घ्या थोडं.

भीमाबाई : नको. तुमी निघा, भाऊ. इथं जास्त येळ बसलात तर तिचा पाय निघायचा नाही.

हणमंत : घरी जाऊन ती काय वाचणार आहे, ताई? पुस्तक उघडलं की हेच दिसणार. मला तरी आता दुसरं काय दिसणार आहे?

देवयानी : पप्पा, सही केली तर परीक्षा गेली. खरंच गेली. नंतर मला बोलायचं नाही.

हणमंत : हो. गेली.

देवयानी : तरी पक्कं नाही काही. हरूही शकतो आपण.

हणमंत : तेही माहीत आहे. ऊठ. मॅडम समोर कोर्टात सहीसाठी थांबल्या असतील.

देवयानी : आईला काय सांगायचं?

हणमंत : मी सांगेन. काय ते अजून सुचलेलं नाही. चला ताई, रस्ता ओलांडताना माझा हात धरा. इथं कोणी गाडी थांबवत नाही.