फोटोखालचा पत्ता

मंडळी, कीर्तनाआधी एक विचारतो. मनात काडीचं पाप नाही, पण आपल्याच हातून दुसऱ्याचा घात झाला, तर देव काय बघेल? मन, की हात? लगेच सांगू नका. गोष्ट ऐका.

एका गावात कुंदाताई तरुण मुलींचं केंद्र चालवायच्या. शिवण शिकवायच्या, संगणक शिकवायच्या, आणि घरात बोलता येत नाही ते ऐकून घ्यायच्या. तिथं एक मुलगी आली. सतरा वर्षांची. काकानं बळजबरीनं लग्न ठरवलेलं, पाठीवर माराचे वळ. ताईंनी पोलिसांत कळवलं, बालकल्याण समितीची रीतसर परवानगी काढली आणि तिला केंद्रातच ठेवून घेतलं. पोरीनं स्वतःचा मोबाइलसुद्धा बंद करून ताईंच्या हवाली केला. काकाला पत्ता लागू नये, एवढंच तिचं मागणं!

आता या कामाची रीत बघा. शिबिर झालं की बॅनर धरायचा, ओळीत उभं राहायचं, फोटो काढायचा. साधा फोटो नाही हं — खाली तारीख, रस्ता, गाव, सगळं छापून येतं! त्याशिवाय वरचं ऑफिस मानतच नाही. उद्या देवालाही म्हणतील, दर्शन दिलंस ना? मग फोटो पाठव!

राख्यांचं शिबिर झालं. फोटोच्या वेळी पोरगी मागं सरकली. ताई मायेनं म्हणाल्या, "अगं, पुढं ये. तुझीच राखी सगळ्यांत देखणी झालीय."

ती पुढं आली. हसलीसुद्धा. फोटो ऑफिसच्या ग्रुपवर गेला, तिथून कुणी कौतुकानं दुसरीकडं पाठवला, तिथून तिसरीकडं. आठवड्याच्या आत काका दारात उभा — हातात मोबाइल, मोबाइलमध्ये तोच फोटो, फोटोखाली पत्ता!

ताई दारात आडव्या उभ्या राहिल्या. पोलीस आले, पोरगी वाचली. पण तिथलं राहणं संपलं. पुन्हा नवं गाव, पुन्हा अनोळखी माणसं. निघताना ती ताईंना एवढंच म्हणाली, "काका शोधणारच होते, ताई. पण तुम्ही मला विचारलं का नाही?"

ताईंनी तिचा बंद ठेवलेला मोबाइल तिच्या हातात दिला. मंडळी, देवानं ताईंचं मन बघितलं असेल, पण घर त्या लेकराचं गेलं.

मागचे दादा विचारतायत, कुठलं गाव, मुलीचं नाव काय? नाही सांगणार. आणि दादा, मघापासून तुमचा मोबाइल माझ्याकडं रोखलेला आहे. त्यात माझ्यापुढं बसलेल्या या पोरी येतायत. त्यांना विचारलंत?

खाली घ्या तो. मी थांबतो. मग नाम घेऊ.