एकवीस प्रकरणं

खरं सांगते, त्या लेखकाला मी अजून माफ केलं न्हाई. माझे सासरे क्षयानं खंगलेले. वैद्यांनी आठच दिवस सांगितलेले. पण लाडक्या लेखकाच्या गाजलेल्या नव्या रहस्यकथेतला खुनी कळल्याशिवाय मामंजी जायला तयार न्हाईत. वाशीमहून पुस्तक आणवलं. प्रकरणं निघाली एकवीस. पोथीच्या अध्यायासारखं मी रोज एकच वाचायची. तेवढाच त्यांचा एक दिवस वाढायचा.

एकविसाव्या दिवशी कळलं, खून झालाच नव्हता, नायकाला स्वप्न पडलेलं!

"सूनबाई, एवढ्यासाठी जीव धरून राहिलो व्हय?"

"त्यांचं दुसरं येऊन राहिलंय म्हणे, मामंजी. तोवर थांबा."

"न्हाई. आता पोथीच काढ. तिचा शेवट तरी ठाऊक आहे."

सकाळी आंघोळ करून पोथी उघडली. पहिला अध्याय संपायच्या आत मामंजी गेले.